फॉस्टरकडून मांजराचं पिल्लू आणताय? नाव नंतर ठरवा, आधी खिडक्या बघा

मार्च-एप्रिलपासून ते पार गणपती येईपर्यंत मुंबईत मांजरांच्या पिल्लांचा नुसता सीझन असतो. कुणाच्या गाडीच्या बॉनेटमधून म्याव म्याव ऐकू येतं, कुठे मीटरबॉक्सखाली चार पिल्लं सापडतात, कुठे मच्छी मार्केटजवळ आई गाडीखाली गेली आणि पिल्लं मागे राहिली. यातली नशीबवान असतात ती एखाद्या फॉस्टर घरी पोचतात, म्हणजे कोणीतरी आपल्याच वन बीएचकेचा एक कोपरा त्यांना देतं, बाटलीने दूध पाजतं, डॉक्टरकडे नेतं, आणि पिल्लं जरा धडधाकट झाली की "घर हवंय" म्हणून त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. असा एक फोटो तुमच्याकडे आलाय आणि जीव अडकलाय, असं धरून चालते.

रस्त्यावरून डायरेक्ट उचललेलं पिल्लू आणि फॉस्टरकडचं पिल्लू यात मोठा फरक काय, तर फॉस्टरकडच्या पिल्लाबरोबर कोणीतरी दिवसरात्र राहिलेलं असतं. ते मिक्सरला घाबरतं का, माणसाच्या मांडीवर येतं की लांबूनच बघतं, पोट कशाने बिघडतं, हे सगळं त्या ताईंना किंवा दादांना पाठ असतं. ही माहिती फुकट मिळतेय तर ती पूर्ण काढून घ्या. लोक पिल्लू बघायला जातात, वीस फोटो काढतात, आणि ते काय खातं एवढंसुद्धा न विचारता घरी येतात.

शोधायचं कुठे? ओळखीतून मिळालं तर उत्तमच. नाहीतर वर्ल्ड फॉर ऑलसारख्या संस्था अ‍ॅडॉप्शनचे कॅम्प घेतात, त्यांचं अ‍ॅडॉप्टाथॉन बऱ्याच जणांना माहिती असेल. शिवाय तुमच्या एरियात मांजरांना रोज खाऊ घालणारी एखादी काकू असतेच, तिला विचारा, तिच्याकडे अख्ख्या वॉर्डातल्या पिल्लांचा हिशोब असतो. पैशाचं म्हणाल तर अ‍ॅडॉप्शनला पिल्लाची किंमत नसते. लसीचा किंवा औषधाचा झालेला खर्च कोणी मागितला तर तो बिल बघून द्या, त्यात काही गैर नाही. पण पिल्लू न दाखवता "आधी गाडीभाडं पाठवा" म्हणणारा भेटला तर सरळ ब्लॉक करा.

आता चौकशी. फॉस्टर तुम्हाला प्रश्न विचारणार आणि भरपूर विचारणार. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण, दिवसभर कोण असतं, गावाला गेलात तर मांजर कोण बघणार, आधी मांजर होतं का, होतं तर त्याचं काय झालं. मग फॉर्म, आधारची कॉपी, खिडक्यांचे व्हिडिओ, कधी कधी घर बघायला पण येतात. यावर लोक वैतागतात, "एक मांजर द्यायला एवढं? स्थळ बघतायत की काय!" तर हो, जवळपास तसंच आहे. तीन तीन तासांनी उठून दूध पाजलेलं पिल्लू कोणी असंच नाही देत. उलट काहीही न विचारता "घेऊन जा ना आजच" म्हणणाऱ्याकडून घेताना मी दहादा विचार करेन.

घरच्यांचं मात्र आधी ठरवून घ्या. "आणलं की करतील प्रेम" यावर जाऊ नका, करतात बरेच जण, पण सगळे नाही, आणि मग ते पिल्लू परत जातं. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोलून ठेवा, जमलं तर मेसेजवर लेखी घ्या. सोसायटीवाले "पाळीव प्राणी चालत नाहीत" म्हणाले तर घाबरायचं कारण नाही, सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचना आहेत त्यावर, सेक्रेटरींना प्रिंट काढून द्या. घरात कोणाला दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असेल तर त्या माणसाला घेऊन फॉस्टरच्या घरी तासभर जाऊन बसा, एकदा नाही, दोन-तीनदा. आणि घर शुद्ध शाकाहारी असेल तर हे आधीच बोलून घ्या, कारण मांजराला मांस लागतंच. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळतं, कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातं. स्वयंपाकघरात चिकन शिजणार नसेल तरी हरकत नाही, पाकिटातलं कॅट फूड चालतं, पण वरणभातावर मांजर वाढवता येत नाही.

आता खिडक्या. यावर मी जास्त बोलणार आहे कारण मुंबईत पिल्लं जातात ती बहुतेक इथूनच.

आपल्याकडे ग्रिल म्हणजे चोरासाठी बसवलेलं असतं, मांजरासाठी नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खं पिल्लू जातं. ग्रिलच्या दोन गजांमध्ये आपली मूठ घालून बघा. मूठ तर सोडाच, तीन बोटं आरामात जात असतील तरी जाळी लागणार. नवीन टॉवरमध्ये ते इनव्हिजिबल ग्रिल असतं ना, उभ्या बारीक तारांचं, ते बघायला छान, पण दोन तारांमधलं अंतर पिल्लाला सहज पुरतं आणि तारा जराशा ताणल्या पण जातात. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी एकदम बेकार म्हणणार नाही, पण मांजर ती दातांनी कुरतडतं आणि ऊन-पावसाने ती वर्षा-दोन वर्षांत सुकते, हाताने ओढली तर तुटते. शक्य असेल तर बारीक चौकटीची स्टीलची जाळी फ्रेममध्ये बसवून घ्या, कुठलाही अ‍ॅल्युमिनियम सेक्शनवाला करून देतो. मच्छरदाणीची वेल्क्रोवाली जाळी धरूच नका, पिल्लू त्यावर नखं रोवून चढतं आणि वेल्क्रो सुटून जाळीसकट खाली.

मोठ्या खिडक्या झाल्या की लोक खूश होतात आणि बाथरूम विसरतात. त्या काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट फॅन काढून ठेवलेलं भोक, एसीच्या पाइपशेजारची फट, किचनच्या सुकवणीच्या बाल्कनीतला नळीचा होल, हे सगळं जमिनीवर बसून पिल्लाच्या उंचीवरून बघा. "मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं" हे ऐकलं असेल. चार पायांवर पडलं तरी जबडा मोडतो, छाती आतून फाटते, आणि कमी उंचीवरून वळायलाही वेळ मिळत नाही. जाळीवाला "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणाला तर पिल्लूही पुढच्या आठवड्यातच आणा. फॉस्टर थांबते, तिला उलट बरं वाटतं.

पिल्लू बघायला जाल तेव्हा वेळ काढून जा. आल्या आल्या उचलू नका, लादीवर बसा आणि मोबाइल बाजूला ठेवा. पाच-दहा मिनिटांत एखादं येऊन तुमच्या चपलेचा वास घेईल, दुसरं सोफ्याच्या कव्हरमागून एक डोळा काढून बघत बसेल. अंगावर चढणारं पिल्लू सगळ्यांना आवडतं, पण लपणारं वाईट असतं असं नाही, त्याला फक्त जरा शांत घर लागतं. घरात दोन लहान मुलं आणि सतत पाहुणे असतील तर ते चपलेवालं घ्या, एकटे राहत असाल तर लपणाऱ्याला संधी द्या. डोळ्यांत चिपाड किंवा पाणी नको, नाक कोरडं किंवा किंचित ओलं चालेल पण शेंबूड नको, शेपटीखाली स्वच्छ हवं, कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला तर ते कानातले किडे असतात, बरे होतात पण डॉक्टरला दाखवायचं. पोट गोल टम्म आणि बाकी अंग हडकुळं असेल तर बहुतेक जंत.

वय कमीत कमी आठ आठवडे हवं, दहा-बारा असेल तर आणखी छान. "एवढं मोठं नको, हातात मावेल असं द्या" हे खूप ऐकायला मिळतं. भावंडांबरोबर मारामारी करतानाच पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. लवकर वेगळं केलेलं आणि एकटं बाटलीवर वाढलेलं पिल्लू नंतर तुमच्या पायाच्या अंगठ्यावर हे शिकतं. दोन महिन्यांचं पिल्लू साधारण पाऊण किलोच्या वर भरायला हवं, फारच हलकं लागलं तर का ते विचारा. आणि दोन भावंडं एकत्र परवडत असतील तर खरंच दोन घ्या, दिवसभर ऑफिसला जाणाऱ्यांना तर हेच सांगेन, एकमेकांना दमवतात आणि तुमचे पडदे वाचतात. काळी पिल्लं शेवटपर्यंत मागे राहतात, कारण आपल्याकडे अजून मांजर आडवी गेली की लोक दोन पावलं मागे येतात. तुमच्या घरी कोणाला अडचण नसेल तर काळं बघा, ते मिळतंही लगेच.

निघायच्या आधी फॉस्टरला विचारा, आणि फोनमध्ये लिहून घ्या, लक्षात राहत नाही: काय खातं, दिवसातून किती वेळा, कुठल्या कंपनीचं, लिटर (म्हणजे शी-सूच्या ट्रेमध्ये टाकायची माती) कसलं वापरता, शी-सू सगळं ट्रेमध्येच करतं की पलंगाखाली पण, आईचं दूध प्यायलंय का, जुलाब झाले होते का, डोळ्यांत औषध घातलं होतं का, कुत्रा किंवा लहान मुलं बघितलीत का, झोपतं कुठे. डोळ्यांचं विचारा कारण कॅट फ्लूचा एक व्हायरस मांजराच्या अंगात कायमचा राहतो आणि घर बदललं, टेन्शन आलं की परत वर येतो, म्हणजे पहिल्या आठवड्यात शिंका सुरू झाल्या तर डॉक्टरला काय सांगायचं हे तुम्हाला माहिती असेल.

लसीचं कार्ड मागा. ट्रायकॅट म्हणतात ती लस साधारण आठ आठवड्यांपासून सुरू होते, मग तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, आणि तीन महिन्यांच्या आसपास रेबीजची. जंताचं औषध लहानपणी दर पंधरवड्याला आणि नंतर महिन्याने देतात. कार्डावर लसीच्या बाटलीचा स्टिकर आणि डॉक्टरची सही हवी. आणि एक गोष्ट तुमच्याकडून: तुमच्या घरात गेल्या वर्षभरात एखादं मांजर उलट्या-जुलाबाने गेलं असेल तर फॉस्टरला आधी सांगा. पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा व्हायरस घरात वर्षभर तग धरतो, साध्या साबणाने जात नाही, ब्लीच लागतं, आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्यात दोन दिवसांत हातचं जातं. हे लपवून पिल्लू नेणं म्हणजे सरळ त्याच्या जिवाशी खेळ.

आणायला जाताना पक्कं प्लॅस्टिकचं कॅरिअर न्या. खोका नको, जिम बॅग नको, आणि "मी मांडीवर धरते ना" हे तर अजिबात नको, सिग्नलला बाजूला बसचा हॉर्न वाजला की पिल्लू रिक्षातून थेट हायवेवर. कॅरिअरमध्ये त्याच्याच बिछान्याचा एखादा जुना टॉवेल मागून टाका, ओळखीचा वास असतो. कॅब असेल तर ड्रायव्हरला आधी फोनवर सांगा. निघायच्या तास-दोन तास आधी खायला देऊ नका म्हणावं, घाटकोपर ते गोरेगाव खड्ड्यांतून येताना ओकारी होतेच. शक्यतो शनिवारी सकाळी आणा म्हणजे दीड-दोन दिवस तुम्ही घरी असाल.

घरी आलात की अख्खं घर दाखवायला जाऊ नका. एक खोली, त्यात एका टोकाला लिटर ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी, आणि लपायला एक आडवा खोका. वन आरके असेल तर एक कोपरा पडदा लावून किंवा मोठ्या पिंजऱ्याने अडवा. पलंगाखाली गेलं तर जाऊ दे. ओढून काढू नका, पोरांना टॉर्च मारू देऊ नका, शेजारच्या काकूंना "उद्या या" सांगा. रात्री बारानंतर घर शांत झालं की खाण्याच्या वाटीजवळ कुरुमकुरुम ऐकू येतं, तेव्हासुद्धा उठून बघायला जाऊ नका. काही पिल्लं दोन तासांत अंगावर येतात, काहींना आठवडा लागतो. आंघोळ घालायची नाही, कितीही आई म्हणाली तरी. मात्र इतकं छोटं पिल्लू अख्खा दिवस काहीच खात नसेल, मलूल पडलं असेल किंवा पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसतं बसत असेल तर वाट न बघता डॉक्टर. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल १८८३ पासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं, पण रात्री दोन वाजता बोरिवलीहून तिकडे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे जवळपास रात्री कोण बघतं हे पिल्लू यायच्या आधी फोन करून विचारून ठेवा.

खाणं पहिला आठवडाभर फॉस्टर देत होती तेच. बदलायचं असेल तर जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत न्या. या वयात दिवसातून चार वेळा थोडं थोडं लागतं. दूध नको. मला माहितीये सगळ्या आज्या मांजराला दूध-पोळीच घालायच्या, पण गाईचं दूध बहुतेक मांजरांना पचत नाही आणि पिल्लाला जुलाब लागले की ते भराभर सुकतं. मांदेली, बोंबील उकडून, काटे काढून, मीठ-हळद काही न घालता कधीतरी द्या, रोजचं जेवण म्हणून नाही. लिटरही सुरुवातीला तिथलंच. पाणी लागलं की गोळा होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर अगदी लहान पिल्लं खातात, त्यांना लाकडी पेलेट किंवा टोफूचं बरं. आणि बेंटोनाइट कमोडमध्ये टाकू नका हो, फुगून लाइन चोकअप झाली की खालच्या मजल्यावरचे वर येतात आणि मग मांजराचंच नाव खराब.

घरात आधीचं मांजर असेल तर दहा-पंधरा दिवस दोघांना वेगळं, वेगळे ट्रे, वेगळ्या वाट्या, आधी फक्त टॉवेलची अदलाबदल, मग दाराच्या फटीतून हुंगाहुंगी. जुनं मांजर फिस्कारणारच. त्यावरून त्याला ओरडू नका, घर त्याचं आहे.

घरातल्या वस्तूंपैकी या हलवा: कपाटातल्या डांबर गोळ्या, फिनेल, उंदराचं औषध, सुई-दोरा, केसांचे रबर, गजऱ्याचा दोरा. दोरा गिळला की आतडं गोळा होतं आणि ऑपरेशनच करावं लागतं. शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरकडे न्या. बुकेमध्ये लिली असेल तर तो बुके घरात आणूच नका, तिच्या परागकणांनीसुद्धा मांजराच्या किडन्या जातात. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा कधीही नाही, मांजरासाठी ते विष आहे. कुत्र्याचं पिसवांचं औषध पण नाही. वॉशिंग मशीन लावायच्या आधी आत हात घालून बघायची सवय लावा.

दोन गोष्टींवरून लोक घाबरून पिल्लू परत करतात. एक, घरात कोणी गरोदर आहे. टॉक्सोप्लाझ्माचा (पोटातल्या बाळाला बाधू शकणारा एक परजीवी) धोका असतो तो मांजराच्या शीमधून, आणि ती ताजी असताना लागण होत नाही, किमान एक दिवस जावा लागतो. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्या कोणीतरी करायचा, नवऱ्याला तेवढं काम द्या, आणि डॉक्टरशी बोला. दुसरं, गोल गोल टक्कल पडणं. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत पिल्लांना नायटा पटकन होतो, माणसांनाही लागतो, पण औषधाने जातो, फक्त काही आठवडे चिकाटी लागते. ओरबाडलं किंवा चावलं तर मात्र हसण्यावारी नेऊ नका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि पालिकेच्या दवाखान्यात जाऊन दाखवा.

आणि खरंच नाही जमलं तर फॉस्टरला फोन करा. ती चिडेल, चार शब्द ऐकवेल, पण पिल्लू परत घेईल किंवा दुसरं घर बघेल. मार्केटमध्ये "तिथे मासे मिळतात ना" म्हणून सोडून येऊ नका. घरात वाढलेलं मांजर तिथे टिकत नाही, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

राहिली नसबंदी. पाच-सहा महिन्यांची झाली की करून टाका, भाटी असो की बोका. चौथ्या-पाचव्या महिन्यातच भाटी माजावर येऊ शकते, रात्रभर ओरडते, आणि एकदा जाळीतून निसटली की नऊ आठवड्यांनी तुम्हीच चार पिल्लांचे फोटो फिरवत बसाल. बोका असेल तर पडद्यावर मुतायला लागायच्या आधी करा, नंतर ती सवय सुटेलच असं नाही आणि तो वासही लवकर जात नाही. ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच, पिल्लांना जास्त उपाशी ठेवत नाहीत. घरी आणल्यावर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर दहा दिवस, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी काढायची नाही. फॉस्टरने लिहून घेतलेल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये याचं कलम असतंच, तेव्हा डॉक्टरच्या कागदाचा फोटो त्याच दिवशी पाठवून द्या, नाहीतर दर रविवारी "झालं का?" असा मेसेज येत राहील.